रीरोलच्या बटणावर गेलेला मे महिना

आइसविंड डेल हा गेम मूळचा २००० सालचा. मी खेळलो ती २०१४ ची सुधारित आवृत्ती. लोक त्याच्याबद्दल बोलतात ते बर्फ, संगीत आणि थडग्यांतल्या सांगाड्यांबद्दल. मला मात्र बोलायचंय ते गेम सुरू होण्याआधीच्या एका स्क्रीनबद्दल. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी घराबाहेर पाऊल टाकता येत नाही, त्या सगळ्या दुपारी या एका स्क्रीनने खाल्ल्या.

या गेममध्ये सोबती वाटेत भेटत नाहीत. सहाच्या सहा कॅरेक्टर सुरुवातीलाच आपण बनवायची. रेस (वंश), क्लास (पेशा), चेहरा, आवाज हे मजेत होतं. मग येतात फासे. ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण, छाप असे सहा आकडे पडतात आणि त्यांची बेरीज दिसते. नाही पटली तर रीरोल दाबा. कितीही वेळा दाबा, कोणी अडवत नाही. खरी मेख तिथेच आहे. पाच-दहा संधीच मिळाल्या असत्या तर जे पडेल ते घेऊन माणूस पुढे गेला असता.

त्यात फायटरचा एक वेगळाच जाच. नियम जुन्या, दुसऱ्या आवृत्तीच्या डी अँड डीचे (डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांचा खेळ). फायटर, पॅलाडिन, रेंजर या लढवय्या क्लासची ताकद १८ झाली की तिच्यापुढे तिरकी रेघ मारून आणखी एक आकडा येतो, ०१ ते ००. यातला ०० म्हणजे शंभर. साध्या १८ ला नेम १ ने आणि मार २ ने वाढतो. १८/०० ला नेम ३ ने, मार ६ ने. पहिल्या लेव्हलला गॉब्लिनच्या अंगात जीव तो केवढा, तिथे ६ म्हणजे एका घावात विषय संपला. हे एकदा कळल्यावर १८/३४ वर कोण समाधान मानेल?

मीही मानलं नाही. माझा ड्वार्फ (बुटक्या वंशाचा) फायटर रोज दुपारी जेवण झालं की जन्माला यायचा आणि चहाच्या वेळेपर्यंत जन्मतच असायचा. बेरीज ७८, ८१, ७६, ८३. मध्येच ९१ यायची, पण ताकद १८ वर नेऊन पाहिली की पुढे १२. हो, ही युक्ती नीट लक्षात ठेवा: तो रेघेनंतरचा आकडा प्रत्येक रोलसोबत पडलेलाच असतो, फक्त ताकद १८ असल्याशिवाय दिसत नाही. म्हणून चांगली बेरीज आली की दुसरीकडचे पॉइंट काढून ताकद आधी १८ करायची आणि बघायचं. छाप कमी केली तरी चालते. बोलणी करायला पार्टीत, म्हणजे आपल्या टोळीत, एकच जण लागतो, बाकीच्यांनी तोंड उघडायचं नसतं.

मामेभाऊ सुट्टीला आला होता. मी कूलरमध्ये पाणी भरायला उठलो, तेवढ्यात माऊस त्याच्या हातात. परत येतो तर हा खुर्चीत डोक्याला हात लावून बसलेला. "भाऊ, ९६ आला होता." मग? "दिसला ना बाप्पा, पण बोट थांबलंच नाही." स्टोअरचं बटण रीरोलच्या शेजारीच असतं. ते दाबलं की हातातला रोल राखून ठेवला जातो, रिकॉल दाबला की परत येतो. एकच राहतो, नवा ठेवला की जुना गेला. पण हे सगळं बोट थांबलं तर. दर क्लिकनंतर मनात एक आकडा म्हणायचा, मगच पुढचा क्लिक, ही सवय मी त्याला त्याच दिवशी लावली.

त्याहून वाईट म्हणजे लाईट. पार्टी बनवताना गेम सेव्ह करता येत नाही. एका दुपारी चार जण तयार, पाचव्यावर काम चालू, आणि कूलरचा आवाज हळूहळू बसत गेला. मॉनिटर तर आधीच काळा. आई आतून म्हणाली, "अजून सुरूच नाही झाला का रे तुझा गेम?" काय सांगणार? त्या दिवसापासून मी एक-दोन जण झाले की त्यांच्यासकट गेम चालू करायचो, कॅरेक्टरच्या रेकॉर्डच्या पानावर जाऊन त्यांना एक्स्पोर्ट करायचो आणि बाहेर पडायचो. पुढच्या वेळी त्यांना तयार इम्पोर्ट करता येतं. मग लाईट जाऊ दे नाहीतर येऊ दे.

शेवटी ड्वार्फला १८/०० मिळाला. बेरीज ९३. खोलीत एकटाच होतो तरी ओरडलो. त्या आकड्याचा फोटो अजून फोनमध्ये आहे, बघायचा असेल त्याला दाखवतो.

हे खरं तर वरच सांगायला हवं होतं: वेळ नसेल तर हाफ-ऑर्क ही रेस घ्या. त्याची ताकद सरळ १९ पर्यंत जाते, रेघेनंतरच्या आकड्याची भानगडच नाही, आणि मार १८/०० पेक्षाही एकाने जास्त. मी घेतला नाही, कारण काटक ड्वार्फला जादू आणि विषापासून बचावाचा फायदा मिळतो, आणि हातोडा घेतलेला ड्वार्फ मला बघायचा होता. पॅलाडिनचीही फार वाट बघावी लागत नाही. त्याची छाप १७ च्या खाली पडूच शकत नाही, त्यामुळे बेरीज आपोआप वर राहते. मेज (जादूगार) आणि थीफ (चोर) यांच्यासाठी तर रीरोलवर बसूच नका. काटकपणा १६ पुरे, त्यावरचा जीव फक्त लढवय्यांना मिळतो.

पुढचं सगळं भराभर झालं. ईस्टहेवन, कुल्डाहार ही गेममधली गावं, कुल्डाहारचं ते ऊब देणारं अजस्र झाड. बाहेर पारा पंचेचाळिशीत आणि आमची पार्टी उबेसाठी झाडाखाली! दरीतल्या थडग्यांत झोपेचा मंत्र कामाचा नाही, सांगाडे झोपत नाहीत. तिथे बाणही वाया जातात, हातोडा आणि गदाच हवी. लेव्हल वाढताना जीवही फाशांवर पडतो. फायटरच्या दहापैकी एक आला की डोकं फिरतं. सेटिंगमध्ये जीव पूर्ण मिळण्याची सोय आहे, ती खुशाल चालू करा, फासे मी आधीच भरपूर टाकलेत.

फायरबॉल या आगीच्या गोळ्याच्या मंत्रासाठी मेजची पाचवी लेव्हल लागते, म्हणजे २०,००० एक्स्पी (अनुभवाचे पॉइंट). एक्स्पी सहा जणांत वाटला जातो, म्हणजे पार्टीने मिळून १,२०,००० कमवायचे. चौघांचीच पार्टी केली तर हे लवकर होतं. बुद्धी १८ असली तरी स्क्रोल (मंत्र लिहिलेली गुंडाळी) मेजच्या पुस्तकात उतरण्याची शक्यता ८५ टक्केच, आणि चुकला की स्क्रोल जळतो. म्हणून उतरवण्याआधी सेव्ह.

बार्डला (गाणाऱ्या भाटाला) मी जवळजवळ पहिल्याच रोलवर घेतलं होतं, कंटाळा आला होता म्हणून. बार्डच्या लेव्हल थीफच्या तक्त्याने वाढतात. तेवढ्याच २०,००० ला मेज पाचवीत होता, १८/०० वाला ड्वार्फही पाचवीत, आणि हा गाणं म्हणत सहावीत.