पुळणीवरचं लॅक्रॉस: शॉट नंतर, आधी खाली पडलेला चेंडू

पाऊस ओसरला, पुळण पुन्हा रुंद झाली आणि आमचा सराव एकदाचा मांगरातून बाहेर पडला. मालवण ते देवबाग पट्ट्यातली बरीच नवी पोरं-पोरी या हंगामात आली आहेत. कोणी कबड्डीतलं, कोणी खो-खोतलं, बाकी अर्थातच क्रिकेटवाले. प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून गोलवर शॉट मारायचा असतो. व्हिडिओत तेच दिसतं, त्यामुळे दोष तरी कोणाला द्यायचा? पण आमच्या पातळीवर सामना शॉटवर ठरत नाही. चेंडू सतत खाली पडतो आणि तो जो उचलतो तो जिंकतो. म्हणून यावेळची नोंद मुख्यतः ग्राउंड बॉलची, म्हणजे खाली पडलेल्या चेंडूची आहे.

अगदी नवख्यांसाठी आधी थोडक्यात. लॅक्रॉस म्हणजे जाळं लावलेल्या स्टिकने चेंडू झेलत, फेकत गोल करायचा खेळ, मूळचा उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी राष्ट्रांचा. त्यांतले हौदेनोसौनी लोक त्याला आजही श्रद्धेचा खेळ मानतात आणि जागतिक स्पर्धेत स्वतःच्या नावाने संघ उतरवतात. लेखी नियम मॉन्ट्रियलच्या विल्यम जॉर्ज बीअर्स या दंतवैद्याने 1867 मध्ये बसवले. 1904 आणि 1908 च्या ऑलिम्पिकमध्ये खेळ होता, मग पदकांच्या यादीतून गेला. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये तो परत येतोय आणि तो निर्णय ऑक्टोबर 2023 मध्ये आपल्या मुंबईतल्या ऑलिम्पिक समितीच्या बैठकीत झाला. त्या दिवशी सगळे क्रिकेटच्या बातमीवर तुटून पडले होते, लॅक्रॉसचं नाव कोणी घेतलं नाही ते सोडा.

ऑलिम्पिकमध्ये असणार आहे तो सिक्सेस प्रकार: गोलकीपर धरून सहा जण, 70 बाय 36 मीटरचं मैदान, आठ-आठ मिनिटांचे चार डाव, आणि चेंडू ताब्यात आला की 30 सेकंदांत शॉट. पुरुषांच्या मोठ्या मैदानी प्रकारात दहा-दहा जण असतात आणि बचावातल्या काहींकडे लांब दांड्याची स्टिक असते. आपण सिक्सेसच धरलाय. माणसं तेवढीच जमतात आणि ओहोटीला तेवढी जागा आरामात मिळते.

आता स्टिक. दांडा, वर प्लास्टिकचं हेड आणि हेडमध्ये विणलेलं जाळं. या जाळ्याचा खोलगट भाग म्हणजे पॉकेट. नवी स्टिक आली की पॉकेट ताठ असतं, चेंडू टप्पकन बाहेर उडतो. त्यात रोज चेंडू दाबून ठेवा, सैल होतं. पण फार खोल झालं तर स्टिक नियमात बसत नाही: पुरुषांच्या स्टिकमध्ये चेंडू हेडच्या बाजूच्या खालच्या कडेखाली पूर्ण उतरता कामा नये, आणि बायकांच्या स्टिकमध्ये तो बाजूच्या वरच्या कडेच्या वर दिसलाच पाहिजे. आपल्या हवेत आणखी एक भानगड आहे. जाळं ओलं झालं की ताणतं, पॉकेट आपोआप खोल होतं, आणि एरवी सरळ जाणारा पास जमिनीकडे झुकतो. पास बिघडले की आधी जाळ्याला हात लावून बघा, मग स्वतःला शिव्या द्या. खारं पाणी लागलं तर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचं.

जाळ्यावरून आठवलं. माझ्या हेडची कडेची गाठ सारखी सरकत होती. रापणीवरचे एक काका जाळी शिवत बसले होते. त्यांनी स्टिक उलटीपालटी करून पाहिली. "ह्या दोरयेक साधी गाठ टिकाची नाय गो. माका दी." दोरी भोकातून आतून बाहेर घेतली, त्याच भोकातून पुन्हा एकदा फिरवली, तिच्याच विळख्याखालून ओढली आणि दाताने आवळली. दुसऱ्या बाजूला डोळ्यांनी अंतर मोजून तशीच. तेव्हापासून ती गाठ हललेली नाही. आता ग्रुपमधल्या अर्ध्या स्टिका त्यांच्या हाताखालून गेल्यात आणि ते प्रत्येक वेळी विचारतात, "ह्येच्यान मासो गावता काय?"

तर, ग्राउंड बॉल. सगळ्यांची तक्रार एकच: "ताई, चेंडू पुढेच ढकलला जातो." कारण दांडा उभा असतो. मागचा हात, म्हणजे दांड्याच्या टोकाकडचा, गुडघ्याच्याही खाली यायला हवा. कंबर नाही, गुडघे वाकवा. पाऊल चेंडूच्या शेजारी पडलं पाहिजे, मागे नाही. हेड चेंडूच्या थोडं अलीकडे जमिनीला टेकवायचं आणि न थांबता धावत चेंडूतून आरपार जायचं. थांबून, हेड चेंडूवर ठेवून मागे ओढणं ही सगळ्यात वाईट सवय. सामन्यात तेवढा वेळ कोणी देत नाही. पुळणीवर ओल्या वाळूत चेंडू लवकर मरतो, त्यामुळे उचलणं सोपं जातं आणि पोरांना वाटतं जमलं. मग सड्यावर न्यायचं. तिथे कातळावर चेंडू कुठे उडेल सांगता येत नाही, आणि हेड जमिनीवर जोरात घासलं तर प्लास्टिक सोलून निघतं. तिथे जमलं की खरं जमलं.

दोघी असाल तर बोला. एकीने "मॅन" म्हणायचं आणि समोरच्या खेळाडूच्या आणि चेंडूच्या मध्ये अंग घालायचं, दुसरीने "बॉल" म्हणून उचलायचं. उचलला की "रिलीज" अशी हाक, म्हणजे पहिलीने अडवणं सोडायचं. नाही सोडलं तर फाउल. ही हाक आमच्याकडे सगळ्यात उशिरा रुजली. कबड्डीवाल्यांना अंग घालणं लगेच कळलं, सोडणं कळेना. हात धरायचा मोह आवरायला त्यांना अख्खा पावसाळा लागला.

चेंडू उचलल्यावर पहिली चार पावलं गर्दीच्या बाहेर. वर बघा. मग पास.

क्रेडलबद्दल, म्हणजे धावताना चेंडू पॉकेटमधून पडू नये म्हणून स्टिक झुलवत राहण्याबद्दल, फार लिहीत नाही, ते करूनच येतं. वरच्या हाताचं मनगट वळतं, खालचा हात नळीसारखा सैल, दांडा त्यात आतल्या आत फिरतो. आठवडाभर घरात, अंगणात, माडाखाली नुसतं क्रेडल करत फिरा. मग डाव्या हाताने तेच. डावा हात कच्चा असेल तर बचाववाला दोन मिनिटांत ओळखतो आणि तुम्हाला त्याच बाजूला ढकलत राहतो.

झेलताना क्रिकेटवाले पहिल्याच दिवशी उजवे ठरतात. चेंडूबरोबर हात मागे न्यायचा, हे त्यांच्या अंगात आहे. पास देताना मात्र तेच ढेपाळतात, कारण बाउंड्रीवरून फेकल्यासारखा अख्खा खांदा लावतात. लॅक्रॉसचा पास वरच्या हाताच्या ढकलण्याने आणि खालच्या हाताच्या ओढण्याने जातो. सरावाला भिंत हवी, आणि आमच्याकडे चिऱ्याच्या गडग्याला तोटा नाही. फक्त त्यावरून चेंडू तिरका येतो. सुरुवात शाळेच्या गिलावा केलेल्या भिंतीवर करा, नंतर गडग्यावर. रबराचा चेंडू जुना झाला की गुळगुळीत होऊन पॉकेटमधून निसटायला लागतो. तो भिंतीसाठी वेगळा ठेवा. आणि ऑनलाइन मिळणारे मसाजचे "लॅक्रॉस बॉल" घेताना वजन बघा, 142 ते 149 ग्रॅमच्या आसपास असेल तरच.

हुलकावणीत खो-खोवाल्या पोरी ऐकत नाहीत. स्प्लिट डॉज, म्हणजे एका बाजूला झेप दाखवून हात बदलून दुसरीकडे निसटणं, त्यांना दाखवावंच लागलं नाही. त्यांचा प्रश्न पुढचा: बचाव फुटला की दुसरी बचाववाली मदतीला सरकते, त्याला स्लाइड म्हणतात. ती जिची जागा सोडून आली, तिथे मोकळी मैत्रीण उभी आहे. पास तिथे. आपल्या पोरी तिलाही चुकवायला जातात.

या महिन्यात नवीन घेतलं ते गोलच्या मागून खेळणं. फुटबॉलवाल्यांना हे विचित्र वाटतं. गोल सहा फूट बाय सहा फूट, त्याभोवती वर्तुळ म्हणजे क्रीज, आणि मागेही खेळायची जागा. गोलच्या बरोबर मागच्या जागेला एक्स म्हणतात. चेंडू एक्सवर गेला की कीपरला आणि बचावाला मान वळवावी लागते, आणि तेवढ्यात समोरून कोणी आत धावलं की गोल. हल्ला करणाऱ्यांनी क्रीजमध्ये पाय टाकायचा नाही. वाळूवर आम्ही ती रेघ काठीने ओढतो आणि दर डावाआधी पुन्हा ओढतो.

कीपरची मात्र अडचण आहे. क्रिकेटचं हेल्मेट चालवून घेऊ, असं कोणीतरी सुचवलं. नाही. क्रिकेटचा चेंडू साधारण 7.2 सेंटीमीटर व्यासाचा, आपला सव्वासहा ते साडेसहा. जाळीतली फट वेगळ्या चेंडूसाठी केलेली असते, आणि गळा उघडा राहतो. योग्य हेल्मेट, गळ्याचा पट्टा आणि छातीचं संरक्षण येईपर्यंत गोलमध्ये माणूस उभा करायचा नाही. तोवर जुनी ताडपत्री बांधून चार कोपऱ्यांना भोकं पाडली आहेत.

वेळेबद्दल. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे घरी कोणालाही विचारा. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती सव्वाअकराच्या पुढेमागे, तर त्याआधी सकाळी पाच-सहाच्या सुमाराला ओहोटी, आणि उधाणाचे दिवस असल्याने पुळण सगळ्यात रुंद. तेव्हा सराव किनाऱ्यावर, मतलई, म्हणजे जमिनीकडचा वारा असतानाच. अष्टमीच्या आसपास सहा वाजता भरती असते, तेव्हा सड्यावर भेटू, बूट घालून. संध्याकाळी खेळलोच तर गोल उत्तर-दक्षिण लावायचे, नाहीतर एका संघाच्या डोळ्यांत डाव संपेपर्यंत सूर्य. पुढच्या वेळी क्लिअर घेऊ: बचावातून चेंडू पलीकडे नेणं, आणि समोरचे राइड करत अंगावर येतात तेव्हा काय करायचं ते. येताना जुनं जाड नायलॉनचं जाळं कोणाकडे असेल तर आणा, दुसऱ्या गोलला लागणार आहे. आस, म्हणजे जाळ्याचं भोक, बारीक हवा, नाहीतर चेंडू आरपार जातो.