वाशिष्ठीच्या खाडीत सव्वासहा तास: पऱ्याच्या तोंडाचं पाणी मोजल्याशिवाय आत शिरू नका

चिपळूण तालुक्यातल्या मालदोलीच्या आसपास वाशिष्ठीच्या खाडीत जिताडा मासा गळाला लावायचा म्हणून जानेवारीत मी आणि माझा मावसभाऊ तीन दिवस गेलो होतो. पहिले दोन दिवस मोठ्या पाण्यातच होडी फिरवली. बोय आणि शिंगाळे मिळाले. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. तिसऱ्या दिवशी मात्र आमची होडी सव्वासहा तास गाळात अडकली आणि त्याचं लिहायलाच हवं, कारण आम्हाला जे सांगितलं गेलं ते चुकीचं होतं आणि आम्ही त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला.

तिथी द्वितीया, म्हणजे उधाणाचे दिवस, पाणी सगळ्यात जास्त चढतं-उतरतं ते. होडी ज्यांच्याकडून घेतली त्यांनी सांगितलं, "भरती एकला पुरी होते. तिथून सहा तास पाणी असतं, सातपर्यंत निवांत बसा." एकची वेळ दाभोळची, खाडीच्या मुखाजवळची. इतक्या आत पाणी चढायला आणखी तासाहून जास्त लागतं. आमच्या डोळ्यांसमोर ते थांबलं तेव्हा सव्वादोन झाले होते. तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढायची आपली जुनी रीत आहे. तो हिशेब मुंबईच्या किनाऱ्याला बरा बसतो, पण खाडीत आत गेलात की उशीर वेगळा धरावाच लागतो. तेव्हा आमच्या हातात उलट जास्तच वेळ होता. तरीही सव्वापाचला अडकलो.

पाणी सहा तास सारख्या वेगाने उतरत नाही, हे नीट लक्षात ठेवा. एकूण उतार बारा वाटे धरला तर पहिल्या तासात एक वाटा जातो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पुन्हा दोन आणि शेवटी एक. पहिल्या तासाभरात पाणी हललेलंच वाटत नाही आणि माणूस गाफील राहतो. त्या दिवशी भरती-ओहोटीच्या वेळांच्या तक्त्यात दोन्हींतला फरक सव्वादोन मीटर होता, म्हणजे साडेसात फूट. तीन तासांत त्यातलं अर्धं गेलं.

आम्ही कांदळवनात शिरणाऱ्या एका अरुंद पऱ्यात, म्हणजे खाडीच्या छोट्या फाट्यात होतो. बसलो होतो त्या वळणावर बांबू टाकला की पाच फूट पाणी लागायचं, म्हणून निर्धास्त. पण पऱ्याच्या तोंडाशी गाळाचा उंबरा होता आणि तिथे ऐन भरतीलाही जेमतेम चार फूट पाणी असणार. आत शिरताना तिथे बांबू टाकला असता तर तेव्हाच कळलं असतं. परत फिरलो तेव्हा उंबऱ्यावर वीतभर पाणी होतं. दहा मिनिटांनी तेही नव्हतं.

मावसभाऊ ढकलायला उतरला आणि मांडीपर्यंत गेला. पाय सोडवताना तिवराच्या मुळांवरच्या कालवांनी दोन्ही पिंढऱ्या चिरल्या. आज चौथा दिवस, जखमा अजून ओल्या आहेत. होडी अडकली तर उतरू नका. चिखल कंबरेइतका असो नाहीतर गुडघ्याइतका, उतरू नका. शिवाय या खाडीत मगरी आहेत. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, त्या अशाच गाळाच्या उतारांवर येऊन पडतात. आम्ही अंधार पडायच्या आधीच एक पाहिली होती, समोरच्या काठावर, हालचाल न करता पडलेली. हात पाण्यात सोडायचा नाही, मासा होडीच्या कडेला साफ करायचा नाही.

साडेसहानंतर अंधार. चिखलातून टिक-टिक आवाज येत राहतो आणि निवटे, म्हणजे चिखलात उड्या मारणारे छोटे मासे, होडीच्या फळीवर आपटतात. डास इतके, की तोंड उघडून बोलता येत नव्हतं. एक बाटली पाणी, एक बॅटरी, अंगात पातळ शर्ट. जानेवारीत खाडीत रात्री थंडी वाजते, जाड कपडा न्याच. ओहोटी संपायला नऊ वाजले. वाशिष्ठीत कोयनेचं अवजल, म्हणजे वीज तयार करून सोडलेलं पाणी, कोळकेवाडीकडून येत असतं, त्यामुळे हिवाळ्यातही नदीला ओढ असते आणि ओहोटी भरतीपेक्षा लांबते. नुसतं तक्त्यावर विसंबायचं नाही, त्याचं हे आणखी एक कारण.

साडेअकराला होडी हलली. हलली तेव्हा आम्ही दोघं लहान मुलांसारखे ओरडलो.

धक्क्यावर आल्यावर पैशांचा प्रश्न निघाला. दिवसाचे दीड हजार ठरले होते, मागितले तीन. "रात्र झाली ना." चुकीची वेळ ज्यांनी सांगितली त्यांनीच रात्रीचे पैसे लावले. वाद घालायचं त्राण नव्हतं, दिले. तुम्ही ठरवताना वेळ आणि उशिराचा दर दोन्ही आधी बोलून घ्या आणि सोबत कोणाला तरी ऐकवा.

पहिल्यांदा येणाऱ्याने सप्तमी ते नवमी, भांगाच्या पाण्यावरच यावं. पाणी कमी चढतं-उतरतं, मासा थोडा मंद असतो, पण फसणार नाही. पऱ्यात शिरायचंच असेल तर भरती पुरी व्हायच्या तासभर आधी शिरा आणि पाणी वळलं की अर्ध्या तासात बाहेर पडा, गळ लागलेला असला तरी. जिताड्यासाठी जाड नायलॉन दोरी लावा. कालवांवर घासली की बारीक दोरी टिकत नाही. कांदळवनाची फांदी वाट करायला सुद्धा तोडू नका, तो गुन्हा आहे आणि मासे त्याच मुळांत वाढतात.

खरं तर आत शिरायची गरजच नव्हती. ओहोटीला बोय आणि कोळंबी पऱ्यातून बाहेर येते आणि जिताडा तोंडाबाहेर तिची वाट बघत असतो. निघायच्या दिवशी सकाळी सातला, ओहोटीच्या उतरत्या पाण्यावर, त्याच पऱ्याच्या बाहेर खोल पाण्यात नांगर टाकला आणि जिवंत कोळंबी सोडली. तिसऱ्या खेपेला मावसभावाची काठी वाकली. जिताडा तीन किलो भरला.