तुम्ही विचारलंत म्हणून: सगळ्यांनाच साडेतीन तारे का?

नुकताच पाहिलेला चित्रपट कसा वाटला हे चार ओळींत लिहायचे, त्याखाली पाचपैकी तारे टाकायचे आणि ती नोंद ओळखीच्या मंडळींना पाठवून द्यायची, ही माझी सवय आता बरीच जुनी झाली आहे. तिच्यावर येणारे प्रश्नही आता ठरून गेले आहेत. कोणी विचारते की इतके चित्रपट पाहायला वेळ कुठून मिळतो, कोणी विचारते की शेवट का सांगून टाकलात (मी सांगत नाही, पण एखाद्या विशेषणावरून तो ओळखणारे लोक असतात). मात्र फिरून फिरून येणारा प्रश्न एकच असतो : तुम्ही सगळ्यांनाच साडेतीन कसे देता? माझ्या भाचीने तर तो अधिक नेमका करून विचारला होता. “मावशी, तुझे साडेतीन म्हणजे ‘आवडला नाही, पण कशाला वाईट बोला’ असेच ना?”

तसे नाही. पण तक्रारीत तथ्य आहे, हे वही चाळल्यावर मान्य करावे लागले. जवळजवळ निम्म्या नोंदींखाली साडेतीन आहेत, पूर्ण पाच तारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि एक तारा त्याहूनही दुर्मीळ आहे. आपल्या भाषेत साडेतीन या आकड्याचा मान मोठा असला, तरी माझ्या वहीत तो इतका का बोकाळला याचे कारण त्या मानात नाही.

मुख्य कारण अगदी साधे आहे. मी समीक्षक नाही, त्यामुळे काय पाहायचे हे मीच ठरवते. वृत्तपत्रासाठी लिहिणाऱ्याला त्या आठवड्यात जे प्रदर्शित होईल ते पाहावे लागते. चित्रपटांना तारे देण्याची प्रथा सुरू झाली तीही अशाच सक्तीच्या कामातून. १९२८ च्या जुलैअखेरीस ‘न्यूयॉर्क डेली न्यूज’मध्ये आयरीन थायरर या समीक्षक बाईंनी पहिल्यांदा तारे छापले. त्यांची मोजपट्टी तीन ताऱ्यांची होती. उत्तमाला तीन, चांगल्याला दोन, सामान्याला एक आणि वाईटाला काहीच नाही. समोर येईल तो चित्रपट पाहणाऱ्या माणसाला ही संपूर्ण पट्टी वापरावी लागते, कारण समोर येणाऱ्यांत सगळेच असते. माझे तसे होत नाही. दिग्दर्शक माहीत असतो, विषय आवडीचा असतो, ज्याच्या आवडीवर माझा भरवसा आहे अशा कोणीतरी आधी पाहून “पाहा” म्हटलेले असते, तेव्हा कुठे मी दोन तास मोकळे करते. म्हणजे जे चित्रपट माझ्याकडून दोन तारे घेऊन गेले असते, त्यांतील बहुतेक माझ्या दारापर्यंत पोहोचतच नाहीत. मी जे पाहते ते आधीच चाळणीतून आलेले असते आणि चाळलेल्या धान्यात खडे कमी निघाले म्हणून चाळणाऱ्याला मवाळ म्हणणे बरोबर नाही.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर पाहायची असेल, तर अमेरिकेत प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांना श्रेणी विचारणारी ‘सिनेमास्कोर’ ही संस्था पाहावी. तिथे ए आणि बी या श्रेणी भरपूर दिसतात आणि एफ ही सर्वांत खालची श्रेणी क्वचितच मिळते. पहिल्याच दिवशी तिकीट काढून आलेला माणूस तो चित्रपट आवडून घ्यायलाच आलेला असतो. एवढे करूनही त्याने एफ दिला, तर त्याला सांगितले काहीतरी वेगळे आणि दाखवले काहीतरी वेगळे, असा त्याचा अर्थ बहुधा निघतो. माझे दीड तारेही असेच असतात. जे दोन-तीन चित्रपट मी दीडवर नेले, ते वाईट असण्यापेक्षा मी त्यांच्याकडून भलतीच अपेक्षा बाळगून होते, हे आज मला स्पष्ट दिसते.

आता साडेतीनचा अर्थ. तीन म्हणजे वेळ वाया गेला नाही. चार म्हणजे दुसऱ्या दिवशी काम करताना त्यातला एखादा प्रसंग आपोआप आठवला. साडेतीन म्हणजे प्रसंग आठवला, पण त्याबरोबर “इथे दहा मिनिटे कापायला हवी होती” हेही आठवले. मला हा अर्धा तारा फार उपयोगाचा वाटतो, कारण माझ्या बहुतेक मतांत एक “पण” असतो आणि तो नोंदवायला पूर्ण ताऱ्यांत जागा नाही. नायिकेचे काम उत्तम, पण पार्श्वसंगीत प्रत्येक अश्रूच्या आधी येऊन वर्दी देते. पूर्वार्ध बांधीव, पण उत्तरार्धात लेखकाला सगळ्या पात्रांना न्याय देण्याची घाई झाली आहे. असे “पण” नसलेला चित्रपट वर्षातून एखादाच भेटतो.

शेवटाबद्दल मात्र मी स्वतःवर एक बंधन घालून घेतले आहे. चित्रपट संपल्याबरोबर तारे द्यायचे नाहीत, एक रात्र जाऊ द्यायची. याचे कारण मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग. त्यात लोकांनी एकदा मिनिटभर १४ अंश सेल्सिअसच्या थंड पाण्यात हात धरला. दुसऱ्यांदा तेच मिनिट आणि त्यापुढे आणखी तीस सेकंद धरला, मात्र त्या तीस सेकंदांत पाणी हळूहळू अंशभराने कोमट केले होते. पुन्हा एक करायचे तर कोणते, असे विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळ चाललेला, म्हणजे हिशेबाने जास्त त्रासाचा प्रकार निवडला, कारण तो किंचित बरा संपला होता. चित्रपटाचे अगदी असेच होते. दीड तास कंटाळवून शेवटच्या दहा मिनिटांत डोळ्यांत पाणी आणणारा चित्रपट बाहेर पडताना साडेचारचा वाटतो, आणि दीड तास खिळवून ठेवून शेवटी घसरलेला अडीचचा वाटतो. रात्र गेली की पहिल्यातले कंटाळ्याचे तास आठवू लागतात आणि दुसऱ्यातले चांगले प्रसंग परत येतात. दोघेही मग कुठे येऊन थांबतात, हे सांगायला नको.

याशिवाय पाहणाऱ्याचा दिवस असतोच. कोणता प्रेक्षक कोणत्या चित्रपटाला किती तारे देईल, हा आपला अंदाज दहा टक्क्यांनी सुधारून दाखवणाऱ्याला नेटफ्लिक्सने २००६ साली दहा लाख डॉलरचे बक्षीस जाहीर केले होते आणि ते २००९ मध्ये दिले गेले. जिंकणाऱ्या गटातील येहुदा कोरेन यांच्या पद्धतीचा एक महत्त्वाचा भाग असा होता की, एकाच माणसाची मोजपट्टी काळाबरोबर सरकते आणि कधी कधी एका दिवसापुरतीही बदलते, हे त्यांनी हिशेबात धरले. मला हे वाचून बरे वाटले, कारण माझ्या वहीत याचा ढळढळीत पुरावा आहे. म्हाताऱ्या बाप-लेकाच्या प्रवासावरचा एक संथ चित्रपट मी थकून आलेल्या संध्याकाळी पाहिला आणि “काही घडतच नाही” असे लिहून त्याला अडीच तारे दिले. दोन वर्षांनी सुट्टीच्या सकाळी तोच पुन्हा पाहिला, तेव्हा बाप गाडीची काच खाली करतो आणि मुलगा न बोलता ती पुन्हा वर करतो, एवढ्याशा हालचालीत त्यांचे सगळे भांडण होते, हे मला दिसले. मी जुने अडीच खोडले नाहीत. त्यांच्याशेजारी नवी तारीख घालून चार लिहिले. पहिल्यांदा पाहताना मी अर्धवट झोपेत होते आणि अर्धवट झोपेत पाहणाऱ्याला तो चित्रपट अडीचचाच वाटेल, ही माहितीही कोणाच्या तरी उपयोगाची आहे.

काही जण म्हणतात की एवढा खटाटोप कशाला, हजारो लोकांचा एकत्रित आकडा तर सहज मिळतो. मिळतो, पण तो कशाचा आकडा आहे हे पाहून घ्यावे. समीक्षकांची मते एकत्र करणाऱ्या ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळावरची टक्केवारी म्हणजे गुण नव्हेत. किती टक्के समीक्षकांचे मत अनुकूल आहे, एवढेच ती सांगते. चित्रपट सगळ्यांनाच “बरा” वाटला तर शंभर टक्के होतात. उलट साठ जणांना जन्मभर लक्षात राहील इतका आवडला आणि चाळीस जणांना मुळीच सहन झाला नाही, तर साठ टक्केच होतात. मला स्वतःला तो दुसरा चित्रपट आधी पाहावासा वाटेल. ‘आयएमडीबी’ या संकेतस्थळावर प्रेक्षकांना एक ते दहा गुण देता येतात, शून्य देता येत नाही, म्हणजे त्या पट्टीचा मध्य पाच नसून साडेपाच आहे, हे तिथला आकडा वाचताना फार थोड्यांच्या लक्षात असते. नेटफ्लिक्सवर तर गंमतच झाली होती. तिथे दिसणारे तारे तुम्हाला तो चित्रपट किती आवडेल याचा अंदाज होते आणि बरेच लोक त्यांना सर्वांच्या मतांची सरासरी समजत राहिले. २०१७ मध्ये त्यांनी तारे काढून अंगठे आणले. चाचणीत मते देण्याचे प्रमाण दोनशे टक्क्यांनी वाढले, असे कंपनीने तेव्हा सांगितले होते. वाढणारच. अंगठा वर किंवा खाली करायला विचार करावा लागत नाही, आणि “पण” लिहायला तिथे जागाच उरत नाही.

खरे तर माझ्या नोंदीत ताऱ्यांपेक्षा त्यावरच्या चार ओळींना अधिक किंमत आहे आणि त्या ओळींत सर्वांत अवघड शब्द “बरा” हा आहे. “बरा आहे” असे लगेच म्हटले तर ती शिफारस असते. थोडे थांबून “तसा बरा आहे” म्हटले की शिफारस अर्धी होते. “बरा म्हणायचा” यात लिहिणाऱ्याने हात झटकलेले असतात. “एकदा पाहण्यासारखा” हे तर आपल्याकडचे सर्वांत सभ्य नापसंतीचे वाक्य आहे, कारण चांगल्या चित्रपटाबद्दल कोणी पाहण्याच्या खेपा मोजत नाही. बोलताना हे सगळे स्वरातून कळते, लिहिताना कळत नाही, म्हणून मी “बरा” हा शब्द नोंदीतून काढूनच टाकला आहे. त्याऐवजी काय पाहिले ते लिहिते : संवाद कानासाठी लिहिलेले वाटतात, गाणी कथा थांबवतात, खलनायकाला कारण आहे, भीतीच्या प्रसंगात आवाज मोठा आणि भीती लहान आहे. ज्याला गाण्यांसाठी कथा थांबलेली चालते, त्याने माझे अडीच वाचून खुशाल चार समजावेत. माझे नियमित वाचणारे एक गृहस्थ तर मी “संथ” लिहिले की लगेच पाहायला बसतात आणि “वेगवान” लिहिले की टाळतात. आमची आवड एकही दिवस जुळली नाही, पण माझ्या नोंदींचा सर्वांत चांगला उपयोग तेच करतात.

भाचीला मी हे सगळे सांगितले तेव्हा तिने ऐकून घेतले आणि विचारले, “मग परवाचा तो भुताचा पाहू की नको?” मी त्याला साडेतीन दिले होते. मी तिला सांगितले की पहिला तास दिवे मालवून पाहा, विहिरीचा प्रसंग झाला की दिवे लाव, कारण त्यानंतर भूत बोलू लागते आणि फार बोलते. तिने तो त्याच रात्री पाहिला आणि सकाळी मला फक्त आकडा पाठवला : तीन. विहिरीच्या प्रसंगाबद्दल एक अक्षर लिहिले नव्हते, म्हणून मी विचारले की दिवे कधी लावलेस. तिचे उत्तर आले की तिने ते मालवलेच नव्हते.