तुम्ही विचारलंत म्हणून: वर पत्रा का?

गेल्या तीन वर्षांत हा प्रश्न मला किती जणांनी विचारला याचा हिशोब सोडला. डोंगरावर मुक्कामासाठी बांधलेल्या माझ्या घरात ट्रेकला आलेली पोरं सॅक टेकवतात, कुडाच्या (काठ्या विणून मातीनं लिंपलेल्या) भिंतीवरून हात फिरवतात, शेणानं सारवलेल्या जमिनीचे फोटो काढतात, मग मान वर करतात आणि, "सर, सगळं एवढं नॅचरल आणि वर पत्रा का?" आवाजात थोडी कीव असते, थोडं 'पकडलं बघा' असतं. एकानं तर तोंडावर 'ढोंग' म्हटलं. तर आज एकदाच सगळं लिहून टाकतो, पुढच्या वेळी कुणी विचारलं की लिंक पाठवीन.

आधी माझी बाजू. पाटणच्या वरच्या अंगाचा पाऊस ज्यानं जुलैत पाहिला नाही त्यानं छपरावर बोलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आपला सातारा जिल्हा म्हणजे एक गाव नाही. तिकडं माणमध्ये वर्षाला पाचशे मिलिमीटर पडायची मारामार, म्हणून तिथं मातीचं सपाट धाबं चालतं, आणि इकडं कोयनानगर, नवजा, महाबळेश्वरला पाच हजाराच्या आसपास. वारा तर विचारू नका, चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उगाच नाही लावल्या. पाणी सरळ पडत नाही, आडवं येतं, कधी कधी खालून वर येतं. अशा ठिकाणी गवताचं छप्पर टिकवायचं तर उतार चांगला पंचेचाळीस अंशांचा पाहिजे, थर जाड पाहिजे आणि दर मे महिन्यात शाकारणी, म्हणजे नव्या गवतानं छप्पर नीट करणं, पाहिजे. शाकारणार कोण? निम्मी वाडी मुंबईला. जनावरं कमी झाली, म्हणून गवत कापायलाही कोणी जात नाही.

हे सगळं खरं आहे. आणि हे सगळं मी पत्रा घातल्यानंतर शोधून काढलेलं आहे.

कारण सुरुवातीला मी अगदी तुमच्यासारखाच होतो, म्हणजे जास्तच. कराडला सिव्हिलचा डिप्लोमा, दहा वर्षं स्लॅब टाकले, मग डोक्यात शिरलं की डोंगरावर सिमेंटची गोणी न्यायची नाही. जागा मालकीची होती, वनखात्याच्या जंगलातली एक काडी उचलायची नाही हे ठरलेलं. खाली जांभ्याचा जोता, मेढी (छपराचा भार पेलणारे खांब) जांभळाच्या, भिंतीला कारवीच्या झुडपाचा कूड. कारवी सात-आठ वर्षांनी फुलते आणि मरते, त्या वाळक्या काठ्या बांधावरच्याच मिळाल्या. दगडी भिंत का नाही, हेही विचारतात. ते मला वाडीतल्या आबांनी शिकवलं. १९६७ च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते चौदा वर्षांचे. "दगडाच्या भिंती माणसावर आल्या. कूड नुसता हलला," एवढंच म्हणायचे. बाकी त्या रात्रीबद्दल त्यांनी कधी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

शाकारणी येणारा वाडीतला शेवटचा माणूस म्हणजे आबा. त्यांच्या स्वतःच्या घरावर पत्रा, बरं का. मी हसून म्हणायचो, आबा तुम्हीच पत्र्यात राहता, तर म्हणायचे, "मी म्हातारा झालो लेका, तू हौशी हायस."

वाशांसाठी कळक, म्हणजे बांबू, लागणार होता. तो आपल्या मालकीचा असेल तर तोडायला २०१७ पासून कायद्याची कटकट राहिली नाही, तेव्हा अडचण ती नव्हतीच. आबा म्हणाले, पौषात तोडायचा, अंधाऱ्या पंधरवड्यात, आणि महिनाभर ओढ्यात बुडवून ठेवायचा. अंधार-उजेडाचं सोडा, पण ओढ्याचं शास्त्र मला चांगलं माहीत होतं. कळकाच्या पोटातला स्टार्च हे त्याला पोखरणाऱ्या भुंग्याचं जेवण, पाण्यात बुडवून ठेवलं की तो कमी होतो. पण पौषात माझ्याकडे पैसे नव्हते. पैसे आले फाल्गुनात, ओढा तोवर आटलेला, आणि एप्रिलमध्ये चाळीस जणांचा ग्रुप येणार म्हणून मी ॲडव्हान्स घेऊन बसलेलो. मग तोडला फाल्गुनात, उन्हात आठ दिवस वाळवला आणि बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणी ब्रशनं वरून फासलं. कळकाची साल कसली टणक आणि गुळगुळीत, वरून फासलेलं आत जात नाही, आतले पडदे फोडून टाकीत दिवसेंदिवस भिजवावा लागतो, हे मी दुसऱ्यांना सांगायचो हो! आबांनी विचारलं तेव्हा, "औषध लावलंय, काळजी करू नका."

पहिला पावसाळा छान गेला. एक थेंब नाही. मी किती मिरवलो ते जुने फोटो बघा. आत बसलं की पावसाचा आवाजच यायचा नाही, नुसत्या पागोळ्या दिसायच्या. त्या छपराखालच्या झोपेसारखी झोप मला पत्र्याखाली अजून लागलेली नाही, हेही कबूल करतो.

दिवाळीनंतर मुक्कामी येणाऱ्यांच्या स्लीपिंग बॅगवर सकाळी पिवळसर पीठ दिसायला लागलं. चिमूट चिमूट. एका मुलीनं विचारलं हे काय आहे, आणि मी म्हणालो, "नॅचरल आहे, काही होत नाही." हे वाक्य मला अजून रात्री आठवतं. ते पीठ म्हणजे माझे वासे होते.

पुढच्या मे मध्ये शाकारणी. मी पेंढ्या खालून वर देतोय, आबा आढ्याजवळ बसून वाखाच्या दोरीनं बांधतायत, वय सत्तर. वासा मोडला तेव्हा कडाड्‌ वगैरे आवाज आला नाही, कागदाचा डबा चेपल्यासारखा आला. दहा फुटांवरून आबा जोत्याच्या कडेवर. खुब्याचं हाड. घोंगडीची झोळी करून चौघांनी खाली रस्त्यापर्यंत आणलं, दीड तास लागला, तिथून जीपनं कराड. झोळीत ते ओरडले नाहीत. एका वळणावर खांदा बदलायला थांबलो तर डोळे उघडून म्हणाले, "कळक कवा तोडला हुतास?"

मी म्हणालो, "पौषातच, आबा."

काही बोलले नाहीत. त्यांचा उजवा तळहात उघडा पडला होता, मोडक्या वाशाला धरायला गेले असणार. सगळा पिवळा होता.

ऑपरेशनचा खर्च मी केला, हे सांगतोय म्हणजे माझा बचाव करतोय, कळतंय मला. आबा आता वॉकरवर ओसरीपर्यंत येतात. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मी छपरावर पत्रा चढवला.

आता म्हणाल, मग चूक कळकाची नव्हे, तुमची होती, नीट भिजवला असता तर गवत चाललं असतं. हेच मीही स्वतःशी भांडतो. बरोबर आहे. पण नीट भिजवला तरी दर मे मध्ये वर चढायचं कुणी? वाडीतला तीस वर्षांचा पोरगा मुंबईत माथाडी, तो काय माझ्या हौसेसाठी रजा काढेल? निसर्गाला धरून बांधायचं म्हणजे दरवर्षी कुणाच्या तरी हाडांवर बांधायचं का? लगेच दुसरं मन म्हणतं, हे तू पत्रा घातल्यावर बोलतोयस. पत्र्यावर पेंढ्यांचा पातळ थर टाकून बघितला, आवाज कमी होतो, उन्हाळाही सुसह्य होतो, पण खाली ओल धरते आणि पत्रा गंजायला लागला. ते धड हेही नाही, तेही नाही.

यंदा पौषात चाळीस कळक तोडलेत. ओढ्यात वर दगड ठेवून बुडवलेत. त्यांचं काय करणार ते अजून ठरलेलं नाही, तेवढं मात्र विचारू नका.

आणि झोळीतलं खोटं मी आबांना अजून सांगितलेलं नाही. त्यांच्याकडे साधा बटणाचा फोन आहे, ते काही हे वाचणार नाहीत. नातू वाचतो.