पाहुण्यांना किल्ला दाखवणे

बायकोची मावशी येणार आहे. ठाण्याची. शुक्रवारी रात्री मुंबईहून पंजाब मेल, शनिवारी दुपारी ग्वाल्हेर, सोमवारी सकाळी दिल्ली आणि तिथून पुढे कुठल्याशा देशाला विमानाने. देशाचं नाव मला सांगितलं होतं. 'स्तान'वर संपतं, एवढंच लक्षात आहे.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून या मावशी घरी सापडत नाहीत. दर तीन-चार महिन्यांनी त्यांचा एक फोटो येतो. मागे कधी ज्वालामुखी, कधी मशीद, कधी उंट, आणि पुढे मावशी, गॉगल लावून, त्याच त्या मोरपंखी पंजाबी ड्रेसमध्ये. यंदा त्यांना मधल्यामध्ये दीड दिवस मोकळा मिळाला आणि भाचीचं गाव आठवलं. जेवून लवंडलो होतो, तेवढ्यात निरोप आला: "फार काही ठरवू नका हो. तुमच्याकडचं वेगळं काय असेल तेवढं दाखवा."

झोप गेली. लग्नपत्रिकेचं एक पाकीट पालथं करून त्यावर 'शनि' आणि 'रवि' असे दोन रकाने आखले आणि बसलो.

जग बघून आलेल्या माणसांबद्दल माझं एकच गाऱ्हाणं आहे. त्यांना काहीही दाखवा, ते दुसरं काहीतरी बघतात. एकदा एक स्नेही आले होते. सूफी संत मोहम्मद गौसच्या कबरीची जाळी त्यांनी नीट दोन मिनिटंसुद्धा पाहिली नसेल, लगेच "अगदी ग्रॅनडासारखं" म्हणाले. शिंद्यांच्या जयविलास महालात "व्हिएन्नाची आठवण झाली." मग मी त्यांना संध्याकाळी तिळगुळाची गजक खायला घातली आणि ती कुठल्या देशातल्यासारखी लागते याची वाट पाहत बसलो. तुर्कस्तान निघालं.

पण त्यांना तरी काय बोलणार? आपणही तेच करतो. गुजरी महालाच्या संग्रहालयात ग्यारसपूरच्या शालभंजिकेची दगडी मूर्ती आहे. एरवी कुलपात असते, तिथल्या माणसाला सांगितलं की उघडून दाखवतात. हात गेलेले, पाय गेलेले, पण चेहऱ्यावर असं हसू की आपल्याला बघूनच हसतेय असं वाटावं. हजारेक वर्षांची बाई. आणि आम्ही गाववाले पाहुण्यांना काय सांगतो? 'भारताची मोनालिसा.' वयाने पाचशे वर्षं थोरली, आणि ओळख धाकटीच्या नावाने करून द्यायची! ते एक वाक्य यावेळी उच्चारायचं नाही असं मी ठरवलंय. शिवाय हे संग्रहालय सोमवारी बंद असतं, म्हणून गुजरी महाल रविवारच्या रकान्यात.

शनिवार तसा सोपा आहे. गाडी वेळेवर आली तर चारच्या आत घरी, चहा, मग बाड्याच्या चौकात चक्कर, नया बाजारात बहादुराचे बुंदीचे लाडू, रात्री घरी साधं वरण-भात-पोळी. पंजाब मेल उशिरा आली तर यातलं बाड्याचं कटेल, लाडवांचं कटणार नाही.

किल्ल्यापाशी पेन अडलं. आमच्या घरात पाहुण्यांना किल्ला दाखवण्याचा एक पाठ आहे, आणि तो आजोबांनी घालून दिलेला आहे.

आजोबा शिंद्यांच्या दरबारच्या जमीन-महसुलात कारकून होते. आमच्या लहानपणी ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण काळा कोट त्यांनी निवृत्त केला नव्हता. पुण्या-साताऱ्याकडचे पाहुणे काशीला जाता-येता आमच्याकडे उतरत. दुसऱ्या दिवशी सकाळी दौलतगंजातून दोन टांगे निघत. पुढच्यात पाहुणे आणि आजोबा, मागच्यात आम्ही मुलं, काकू आणि दशम्यांचा डबा. उरवाई दरवाजाने वर गाडी जाते हे आजोबांना मान्य नव्हतं. किल्ला पूर्वेकडून, पायी, चढूनच पाहायचा. गुजरी महालापाशी टांगे सोडायचे आणि आजोबा छत्री टेकत पुढे. धापा टाकत मागे वळलेल्या पाहुण्याला ते म्हणत, "मोगलांचे हत्ती याच वाटेने चढले, तुम्हाला काय होतंय?"

त्यांची वाक्यं ठरलेली होती आणि जागाही. मानमंदिरासमोर ठराविक दगडावर उभं राहून, छत्री वर करून: "मानसिंग तोमर. राजा गाणारा होता. भिंत बघा, बेसूर आहे कुठे?" आणि भिंत खरोखर बेसूर नाही. निळ्या फरशांची, केळीची झाडं, वाघ, हत्ती आणि वर पिवळ्या बदकांची रांग. ती बदकं मोजणं हा आम्हा भावंडांचा उद्योग. आकडे कधी जुळले नाहीत. मोठ्या चुलतभावाचा आकडा नेहमी सगळ्यांत जास्त असे, कारण तो आमचे ऐकून मग आपला सांगायचा.

आत तळघरात भिंतींना भोकं आहेत, वरच्या मजल्यावरून खाली बोलायला. आम्हा मुलांपैकी एकाला खाली पाठवायचं, वरून आजोबा भोकाला तोंड लावून दरबारी आवाजात विचारणार, "कोण आहे रे तिकडे?" आणि खालून ठरलेलं उत्तर यायचं, "राणीसाहेब झोक्यावर आहेत!" पाहुणे हसत. मग आजोबा एकदम आवाज उतरवून सांगत की याच खोल्यांचा मोगलांनी तुरुंग केला आणि औरंगजेबाने सख्ख्या भावाला, मुरादला, १६६१ साली या किल्ल्यात मारलं. हसू तोंडावर असतानाच हे सांगायचं, हे त्यांचं कसब होतं. सास-बहूच्या देवळांपाशी एक विनोद असे. पाहुण्यांत खरीच सासू-सून असली तर तेवढा गाळत. तेली मंदिराच्या सावलीत दशम्या आणि लसणाची चटणी.

उतरल्यावर हजिऱ्याला, तानसेनाच्या कबरीपाशी चिंचेचा पाला खायला. पाला खाल्ला की गळा गोड होतो, हे ग्वाल्हेरात वेगळं सांगावं लागत नाही. मूळ झाड केव्हाच गेलं, त्याच जागी आलेलं दुसरं आहे, पण पाला तो पाला. आमच्या धाकट्या काकाने त्या झाडाचा एक बाजूचा भार हलका केला असेल. पुढे त्याने गाणं ऐकण्यावरच समाधान मानलं. पाहुणे गाण्यातले निघाले तर आजोबा तिथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर काढत. बुवा इथे येऊन, सेवा करून, ख्याल शिकून गेले, म्हणून तर तुमच्या मिरज-पुण्याला गाणं आलं! 'तुमच्या'वर जोर. दक्षिणेतले पाहुणे यावर जरा गप्प होत.

या पाठातून एक जागा कायम निसटायची. त्याच पूर्वेच्या चढावर, वाटेच्या कडेला, एका दगडात कोरलेलं चतुर्भुजाचं लहानसं देऊळ आहे. सगळे धापा टाकत असल्यामुळे तिथे कुणी थांबत नसे. आजोबाही नाही. आत भिंतीवर संवत ९३३ चा, म्हणजे इ.स. ८७६ चा लेख आहे. देवाच्या फुलबागेसाठी गावाने जमीन दिली, २७० हात लांब आणि १८७ हात रुंद, आणि रोज ५० माळा द्यायच्या ठरल्या. व्यवहार साधा. पण त्या २७० मधलं आणि ५० मधलं शून्य, साबुदाण्यासारखं गोल, स्पष्ट कोरलेलं शून्य, जगातल्या जुन्यात जुन्या शून्यांमध्ये मोडतं. आता गणिताचे लोक कुठून कुठून येतात, चढ चढतात, विजेरी मारून ते शून्य बघतात आणि परत जातात. वर महालाकडे फिरकतही नाहीत म्हणे.

मी खूश झालो. रविवारच्या रकान्यात सगळ्यांत वर ठळक लिहिलं: 'शून्य'. याला कोण म्हणेल कशासारखं! मोठेपणात कुणीही कुणाला मागे टाकेल, पण काहीच नसण्यात आम्ही पहिले. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मावशी मागच्या वर्षी कंबोडियाला जाऊन आलीय."

मग काय राहिलं? कंबोडियातल्या एका शिलालेखात ६८३ सालचं शून्य आहे. आपल्याहून दोनशे वर्षांनी वडील. आणि मावशींनी ते पाहिलेलं असण्याची शक्यता दाट, कारण त्या संग्रहालयातली एकही पाटी सोडत नाहीत. मी थोडा वेळ पेन खाली ठेवलं. नंतर सुचलं की त्यांचा नुसता ठिपका आहे, आपलं वर्तुळ आहे. बायको म्हणाली, "हे मावशीला सांगू नकोस." शून्य राहू दिलंय, फक्त वरून तिसऱ्या नंबरवर.

जयविलास टाळता येत नाही. १८७४ मधला महाल, मायकल फिलोजने बांधलेला. दरबार हॉलमधली दोन झुंबरं, प्रत्येकी साडेतीन टनांची. ती टांगण्याआधी छत पेलतं का पाहायला वर हत्ती चढवले होते, ही गोष्ट ग्वाल्हेरचं पोर बोलायला लागतं तेव्हापासून सांगतं. हत्ती किती, ते सांगणाऱ्याच्या वयावर. आणि जेवणाच्या टेबलावर रुळांवरून फिरणारी चांदीची आगगाडी, पाहुण्यांना ब्रँडी आणि सिगार पोचवणारी. ती अजून आहे. खरी छोटी गाडी, ग्वाल्हेर ते श्योपूर नॅरोगेज, टपावर माणसं आणि आत बकऱ्या घेऊन जाणारी, ती २०२० पासून बंद. मावशींना तिच्यात बसवलं असतं तर त्यांनी खरंच गॉगल काढला असता. असो.

आता पाकिटावर झाशीच्या राणीची समाधी राहिली.

फूलबागेजवळ आहे, जयविलासपासून लांब नाही. घोड्यावरचा पुतळा, खाली समाधी, आजूबाजूला बाग. आमच्या पाठात ती अगदी शेवटी, दिवेलागणीला, टांगा उभा ठेवून. नमस्कार करायचा, एक फूल वाहायचं आणि निघायचं. लहानपणी वाटे, उशीर झाला म्हणून घाई. एका वर्षी कुणी एक आजी आल्या होत्या, नात्याने कोण ते आता आठवत नाही. नमस्कार करून त्या तिथेच बसल्या आणि आजोबांना म्हणाल्या, "राणी इथे लढत होती तेव्हा तुमचे महाराज कुठे होते?"

आजोबा म्हणाले, "चला, टांगेवाला खोळंबलाय."

महाराज आग्ऱ्याला होते. १ जून १८५८ ला जयाजीराव शिंदे सैन्य घेऊन बाहेर पडले, आणि सैन्य राणीला नि तात्या टोप्यांना जाऊन मिळालं. महाराज आग्ऱ्याला इंग्रजांकडे गेले. त्याच महिन्यात राणी इथे पडली, किल्ला इंग्रजांनी घेतला, जयाजीराव पुन्हा गादीवर आले. किल्ला मात्र इंग्रजांनी लगेच दिला नाही. तो १८८६ साली परत मिळाला, आणि त्याच्या बदल्यात शिंद्यांनी इंग्रजांना दिली ती झाशी. मधल्या काळात जयविलास उभा राहिला, झुंबरं टांगली गेली. झुंबरांचे महाराज आणि आग्ऱ्याचे महाराज एकच, हे मी पुस्तकात वाचलं तेव्हा कॉलेजात होतो. तोवर घरात कुणी ही दोन वाक्यं एका दमात उच्चारली नव्हती.

उच्चारणार कोण? पणजोबा याच दरबाराच्या पगारावर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात स्थिरावले. आजोबांचा काळा कोट दरबाराचा. आम्ही ज्या शाळेत शिकलो, ज्या इस्पितळात जन्मलो, ज्या वाड्यात वाढलो, त्यातलं बरंचसं त्याच मिठाचं. आणि ओव्या, पोवाडे, भाषणं सगळी राणीची. दर जूनमध्ये समाधीवर फुलं वाहायला आम्हीच जातो, बाड्यावर महाराजांच्या पुतळ्याला हार घालायलाही आम्हीच. दोन्ही मनापासून. यात खोटं काहीच नाही, फक्त दोन ठिकाणी एकाच संध्याकाळी जायचं नसतं, आणि गेलोच तर दुसऱ्या ठिकाणी फार वेळ बसायचं नसतं.

मी समाधी शेवटून काढून रविवारी सकाळी घातली आहे. उन्हं चढायच्या आत, किल्ल्याच्याही आधी. तिथे बाकं आहेत, मावशींना बसायला आवडतं, आणि त्या प्रश्न विचारणाऱ्यांतल्या आहेत. ज्या बाईने अर्धं जग पाहिलंय तिने कुठल्या कुठल्या राजांची काय काय कामं पाहिली असतील, तिला यात नवल वाटेल असंही नाही. पण विचारतील. टांगे आता राहिले नाहीत, ई-रिक्षावाला खोळंबत नाही, तो दुसरी सवारी घेऊन निघून जातो.

विचारलं तर काय सांगायचं, ते अजून ठरत नाहीये. शनिवारपर्यंत वेळ आहे.