नेमाला बसता, मग चिडता कशा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, एरवी हसून सोडून देते. 'रोज पहाटे नेमाला बसता, मग चिडता कशा?' शेजारणीपासून विहिणीपर्यंत सगळ्यांचं हेच. जशी काही मी शांत राहायची हमी लिहून दिली होती!

आमच्या बेळगावच्या वडगावात विणकरांचे माग लवकर सुरू होतात. त्या खटखटीतच श्वासासोबत नाम घ्यायचं, हाच माझा नेम. तीच वेळ, तीच जागा, पोट रिकामं, पाठ ताठ. अभ्यास पक्का व्हायला पतंजलींनी तीन गोष्टी सांगितल्यात: दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदरानं. पहिल्या दोन घड्याळ-कॅलेंडरावर दिसतात, म्हणून लोक त्यांचंच कौतुक करतात. तिसरीचं काय, ते मलाही रोज नव्यानं बघावं लागतं.

वडील गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीची पहाट. त्यांनी प्राण सोडला तिथं दिवा तेवत होता, पसरलेल्या पिठावर टोपली पालथी घातलेली. सुतक, म्हणून देवपूजा बंद. मी भिंतीकडेला बसून डोळे मिटले. नाम दोन-चारदा आलं असेल, मग ऑक्सिजनचा सिलिंडर परत द्यायचाय, त्याची अनामत, कुणाला कळवायचं राहिलं, दहाव्याला भटजी कोण... रडू मात्र येईना. तेवढ्यात आत्या म्हणाली, "बाप गेला आणि ही डोळं मिटून बसलीया. दगडाची हाईस काय गं?"

"सुतकात पूजा बंद असते आत्या, मनातलं नाम नाही!" मी असं काही फाडकन बोलले की चहा ठेवलेल्या बायका बाहेर आल्या.

बोलले ते खरंच होतं. तरी तेव्हा वाटलं, एवढ्या वर्षांची बैठक पाण्यात गेली. आता वाटतं, बैठक नसती तर त्यानंतर मी तिच्याजवळ जाऊन बसले नसते. की बसलेच असते? आत्याच ती.

इथल्याच हिंदवाडीतल्या मंदिराकडं बोट दाखवून मला संत-तत्त्वज्ञ गुरुदेव रानड्यांचा दाखला देऊ नका. अलाहाबादेत तत्त्वज्ञान शिकवलं, तब्येतीनं कधी धड साथ दिली नाही, तरी नेम सोडला नाही. ते थोर, मी वडगावची.

राग कमी झाला का? नाही. येतोय हे हल्ली जरा आधी कळतं, एवढंच. लेक म्हणते, "मग आम्हालाही आधी सांगत जा की."