आप्पांनी शिवलेल्या पताका

आषाढी एकादशीला कोल्हापुरात मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरापासून प्रतिपंढरपूर नंदवाळची वाट धरली, तेव्हा पुढं पताका होत्या, मागं टाळकरी, मधे वीणा आणि मृदंग. आप्पा तेवढे नव्हते. माघात गेले, ८२ व्या वर्षी, घरच्या माणसांत, गळ्यात तुळशीची माळ असताना. कागलला शिलाई मशीनवर बसून त्यांनी दोन मुली उजवल्या, मुलाला शिकवलं आणि आमच्या दिंडीच्या पताका आयुष्यभर शिवल्या. शिलाई कधी घेतली नाही.

नंदवाळ तसं जवळ. कस लागतो तो पावसात. सुती पताका भिजली की जड होते आणि काठीला गुंडाळून बसते, म्हणून आप्पा टेरिकॉट वापरायचे. काठी घालायच्या नेफ्याचं वरचं तोंड ते बंद शिवत, त्यावर आतून एक जाड ठिगळ. तोंड उघडं राहिलं तर पताका काठीवरून खाली घसरते, आणि ठिगळ नसेल तर काठीचं टोक कापड फाडून वर येतं. यंदा दोन पताका बाजारातून आणल्या. पुईखडीचा चढ संपायच्या आत दोन्ही फाटल्या. आप्पांची सात वर्षांपूर्वीची पताका मात्र रिंगणात घोड्यामागं फडफडत होती.

मृदंगाची काळजी त्याहून जास्त. दमट हवेत पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, सैल पडते, सूर उतरतो. मग लाकडी गठ्ठे ठोकून चामड्याची वादी ताणावी लागते. आप्पांची खोळ दुहेरी असे, बाहेरून रेक्झिन, आतून जुन्या धोतराचं मऊ सूत. नुसतं रेक्झिन घातलं तर आतली ओल आतच कोंडते. धुमेवर, म्हणजे मृदंगाच्या डाव्या तोंडावर, आवाज घुमावा म्हणून लावलेली कणीक तशीच राहिली की आंबते, चामडं कुजतं, शिवाय वासानं उंदीर येतात. नव्या पोरांना हे ठाऊक नसतं. दर्शनाच्या घाईत मृदंग तसाच खोळीत सरकवतात. आप्पा अशा वेळी आवाज चढवत नसत. फक्त म्हणत, "बाळा, आधी कणीक काढ, मग दर्शन."

नंदवाळात पोचलो तेव्हा दर्शनाची रांग लांबवर गेली होती. आप्पांच्या मुलानं मृदंग मांडीवर घेतला, नखानं कडेची कणीक सोडवली, ओल्या फडक्यानं धुमा पुसली, मग कोरड्यानं. वारा लागावा म्हणून थोडा वेळ तसाच धरून बसला. खोळीची नाडी बांधली आणि आम्ही रांगेत उभे राहिलो.